टाचण्या तोंडात असताना

हॅलो?… हो, मीच. दुकानात दुसरं कोण असणार?… नाही, जेवले नाही अजून… आवाजाला काय झालंय माझ्या? बरा आहे की.

हो, पाहिला… अगं, तुझा व्हिडिओ पाहिला म्हटलं… मी कशाला शोधायला जाऊ? मघाशी बँकेतली बाई आली होती, ड्रेसची उंची कमी करायला. मी खाली बसून घेर मोडतेय, तोंडात टाचण्या, आणि ती वरून मोबाईल दाखवत विचारते, 'अहो, ही इंग्लिश शिकवणारी तुमचीच बहीण ना?' मला काय आनंद झाला… अगं ऐक ना! आधी ऐक.

बडबड्या माणसांसाठीचे इंग्लिश शब्द शिकवत होतीस. मोटरमाउथ म्हणजे कोण, तर 'माझी ताई, पेट्रोल संपेपर्यंत थांबत नाही.' हसले मीही. टाचण्या धरून हसता येतं तेवढं. मग चॅटरबॉक्स, तीही ताईच. ब्लॅबरमाउथ, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिथेही मीच… हो, हो, मुलांच्या लक्षात राहतं. राहू दे. बडबडी आहेच मी.

पण ते शेवटचं?… कुठलं काय, कुठलं! बॅकचॅट. 'माझी ताई शाळेत माझ्या बाईंना उद्धटपणे उलटून बोलली, मला मान वर करवेना.' असंच म्हणालीस ना?… मग का बोलले, ते नाही सांगितलंस?

नाही, आता मी थांबणार नाही. तू अडखळायचीस. एक शब्द बाहेर येईपर्यंत डोळे भरायचे तुझे. आणि त्या बाई वर्गासमोर तुझी नक्कल करायच्या. आई म्हणाली, जाऊ दे. भांडायला कोण गेलं? मी. दुकानात, बसमध्ये, दवाखान्यात तुझ्या वाटचंही मीच बोलायचे. मग लागली सवय, ती लागलीच.

गंमत?… ती बँकेतली बाई पोट धरून हसत होती आणि मी तिच्या पायाशी बसलेले… रडत नाहीये. जिव्हारी लागलंय, छोटे. परकं कुणी असतं तर चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. तुला काय सुनावू?

उद्याचं?… आहे लक्षात. तुझ्या नव्या क्लासचं उद्घाटन, सगळ्या मुलांचे आईवडील येणार. कॅमेऱ्यापुढे चुकलेलं कापता येतं, समोर माणसं बसली की अजून तुझी जीभ अडते. म्हणून भाषण मी करायचं, ठरलंय… कुणाला बोलले का मी हे? इतक्या वर्षांत? एकाला तरी?

जाताना ती बाई म्हणाली, 'तुमची बहीण किती छान बोलते हो, लहानपणापासूनच का?' माझ्यावरचं एवढं सगळं ऐकून हसल्यावर विचारलं तिनं. मी म्हटलं, हो. लहानपणापासूनच.

…हॅलो?… आहे मी… 'ता' काय?… ऐकतेय… बोल… नाही गं, आज तुझं वाक्य मी पुरं करणार नाही…

बरं, गिऱ्हाईक आलंय. टाचण्या घेते तोंडात… उद्या? उद्या तू बोल.

ठेवते.