सावधान

गडचिरोलीच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्या दामिनीच्या कानावर मागच्या बाकावरचं बोलणं पडत होतं. एक माजी सैनिक नुकताच तपासणी करून आला होता, आणि बायको विचारत होती.

"साहेबाले गुडघ्याचं सांगतलं ना?"

"डॉक्टर फौजेचेच निघाले, गोकुळा. म्हणे, 'जवान, कोई तकलीफ?'"

"मंग?"

"मंग काय, सावधान उभा राह्यलो."

"अन् काठी?"

"दाराबाहीर ठेवली. साहेबासमोर काठी घेऊन जाते काय कोनी?"

"अवो, बावीस वर्षं बर्फात वझं वाहून गुडघे गेले. रिटायर होतानीबी 'तकलीफ नाई' म्हणलं, म्हून अपंगत्वाचा अर्ज फेटाळला. आज तरी खरं सांगतलं ना?"

"तोंडातून आपोआपच निघालं... 'नही, साब!'"

त्या खड्या आवाजानं दामिनी चमकून वळली.

"आता हात दे, गोकुळा. मले उठनं होऊन नाई राह्यलं."