बदामाचं आधी खा

आसुसेना : नको, पाठीवरची पिशवी नाही काढत. देबा गावापर्यंत चालायचंय अजून. एकच तुकडा द्या.

गार्बिन्ये : एक कसला? पायी यात्रेला जाणाऱ्याला या दुकानातून एका तुकड्यावर सोडत नाहीत. ही पान्चिनेता, बदामाची. आधी ती खा, मग चेरीचा केक. बिशेन्ते, ऊठ त्या स्टुलावरून, बाईंना बसू दे.

बिशेन्ते : चाळीस वर्षं बसतोय मी इथे.

गार्बिन्ये : म्हणूनच ऊठ. कुठून आलात बाई?

आसुसेना : सारागोसाहून. अहाहा, बदाम काय खरपूस भाजलेत! आणि पापुद्रे तर...

गार्बिन्ये : आतलं क्रीम?

आसुसेना : क्रीम... तुमच्याकडे खारं करतात का?

बिशेन्ते : बाई, तुम्ही चेरीचा घ्या.

गार्बिन्ये : तू गप्प बस. खारं म्हणजे किती?

आसुसेना : बरंच. मला वाटलं, समुद्रकाठची रीत असेल. माझंच चुकलं असेल.

बिशेन्ते : चुकलंच. चालून घाम येतो ना ओठावर, त्याचं मीठ.

गार्बिन्ये : बिशेन्ते, तुझ्या बशीत तेच आहे. तू कॉफीत बुडवून कधीपासून खायला लागलास?

बिशेन्ते : दात दुखतात.

गार्बिन्ये : नवी कवळी दुखते होय? खरं सांग, कधीपासून खारट आहे?

बिशेन्ते : जूनमध्ये सान हुआनच्या सणाचे जाळ पेटले ना, त्या आठवड्यापासून.

गार्बिन्ये : अडीच महिने! आणि सगळी गल्ली रोज घेऊन जाते ती?

बिशेन्ते : घेते की. शेजारच्या मिरेनचं कुत्रं केवढं फुगलंय, बघितलं नाहीस?

आसुसेना : माझ्यामुळे उगाच...

गार्बिन्ये : तुमच्यामुळे कळलं, बाई. मला ताप येऊन गेला, तेव्हापासून माझ्या जिभेला चवच नाही. मीठ कळत नाही, साखर कळत नाही. गावातले तोंडावर बोलायचे नाहीत, म्हणून वाटेच्या माणसांना फुकट चाखायला देत होते. तुमच्याआधी सात जणांना दिलं. सातही जण 'छान' म्हणाले.

बिशेन्ते : फुकटचं खाऊन कोण खारट म्हणेल?

आसुसेना : मीठ तोलून का नाही घालत?

गार्बिन्ये : पीठ तोलते, साखर तोलते. मीठ आईनं बोटांनी घातलं, मीही बोटांनीच. चाखायचं आणि थांबायचं. आता थांबायचं कुठे, तेच कळत नाही. रविवारी गावजेवणाला साठ पान्चिनेता द्यायच्यात. सांगून टाकते, होणार नाहीत. आणि दुकानही पुरे झालं.

बिशेन्ते : म्हणून तर बोललो नव्हतो.

गार्बिन्ये : म्हणजे?

बिशेन्ते : तू दुकान बंद केलंस तर सकाळी उठून मी जाऊ कुठे? त्यापेक्षा खारट खाल्लेलं बरं.

गार्बिन्ये : शहाणाच आहेस. माझी लाज गेली त्याचं काय?

आसुसेना : (चेरीच्या केकचा शेवटचा घास खात) मावशी, निघते मी. चेरीचा मात्र खरंच छान आहे. तो बांधून द्या, विकत.

गार्बिन्ये : घ्या. उतारावर दगड निसरडे आहेत, जपून जा.

(आसुसेना जाते. गार्बिन्ये आतून क्रीमचं पातेलं आणते.)

गार्बिन्ये : हे आत्ताच केलंय. चाख.

बिशेन्ते : मी?

गार्बिन्ये : तुला जीभ आहे ना? आणि खोटं बोललास तर आजच कुलूप लावते.

बिशेन्ते : ...खारट आहे, गार्बिन्ये.

गार्बिन्ये : किती?

बिशेन्ते : तोंडात धरवत नाही.

गार्बिन्ये : बरं. ओतून टाकते. उद्या पहाटे पाचला ये. आणि घरून कॉफी पिऊन येऊ नकोस, जीभ कोरी हवी.