एक वाजून एकवीस मिनिटं

समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या सेनेटच्या ग्रंथालयाच्या प्रमुख श्रीमती ओफेलिया ब्रँट, व्यासपीठावर उजवीकडे बसलेले माझ्या पक्षाचे मान्यवर, डावीकडे बसलेले समोरच्या पक्षाचे मान्यवर, या दोघांच्या मध्ये रिकाम्या ठेवलेल्या त्या दोन आदरणीय खुर्च्या, समोर बसलेले कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय, मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले दोन्ही वाहिन्यांचे वार्ताहर, आणि आजच्या उत्सवमूर्ती, एकतीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होणाऱ्या मिस लॅव्हिनिया प्रुइट, आपणा सर्वांना या नेब्रास्काच्या सेनेटर वॉरेन हॅगर्टीचा नमस्कार.

पक्षांची नावं मी मुद्दाम घेत नाही. घेतली की अर्धं सभागृह टाळ्या वाजवेल आणि अर्ध्याला खोकला येईल. आज कुणाला खोकला यायला नको, कारण मिस प्रुइट यांनी स्वतःच्या हाताने केलेला पीच पाय, म्हणजे पीचचं गोड सारण भरून भाजलेला पदार्थ, मागच्या टेबलावर उघडाच ठेवला आहे.

मला पाच मिनिटं दिली आहेत. वक्त्याने दिलेली वेळ पाळली, असं या इमारतीत आजवर घडलेलं नाही, त्यामुळे मी परंपरा मोडणार नाही. शिवाय मी आज फार खुशीत आहे. का, ते ओघाने येईलच.

मिस प्रुइट यांचं काम काय? तळमजल्यावर एक खोली आहे. खिडकी नाही, घड्याळ आहे. सरकारचे गुप्त अहवाल आम्हा सेनेटरांना वाचायचे असतील तर तिथेच बसून वाचावे लागतात. फोन बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा, खायचं काही आणायचं नाही, टिपणं काढायची नाहीत. दारापाशी एक हिरवी वही असते. आत जाताना नाव आणि वेळ आपल्या हाताने लिहायची, बाहेर येताना पुन्हा वेळ लिहायची, आणि शेजारी मिस प्रुइट सही करतात. एवढंच काम. पण त्या वहीला या शहरात जितके लोक घाबरले, तितके आमच्या कुठल्याच कायद्याला घाबरले नसतील.

आठ वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात इराकवरच्या युद्धाचं मतदान आलं. त्याआधी गुप्तचरांचा ब्याण्णव पानांचा अहवाल त्या खोलीत ठेवला होता. तिकडे घातक शस्त्रं आहेत की नाहीत, सगळं त्यात. मी वाचायला गेलो. मिस प्रुइट यांनी माझा फोन घेतला, मग नाक वर करून हवेचा वास घेतला आणि म्हणाल्या, "सेनेटर, खिशातलं ट्यूना सँडविचसुद्धा." सँडविच कप्प्यात गेलं आणि माझा जीव त्याच्यापाशी राहिला.

वहीत मी लिहिलं: आत, एक वाजून दहा मिनिटं. नंतर लिहिलं: बाहेर, एक वाजून एकवीस मिनिटं. दीड वाजता मला टीव्हीवर मुलाखत द्यायची होती. तिथे मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "मी आत्ताच अहवालाच्या खोलीतून येतो आहे." यात काही खोटं होतं का? अजिबात नाही. मग मी युद्धाच्या बाजूने मत दिलं.

मेन राज्याचे माझे मित्र सेनेटर ॲम्ब्रोस काल्डर डावीकडे बसले आहेत. त्यांनी विरोधात मत दिलं. ते किती वेळ खोलीत होते, हे त्यांच्या परवानगीने सांगतो. चार मिनिटं.

(सेनेटर काल्डर: "सात, वॉरेन. सात मिनिटं.")

सात. माफ करा. तीन मिनिटं फोन कप्प्यात ठेवण्यात गेली असतील. म्हणजे बघा, मी न वाचता हो म्हटलं, यांनी न वाचता नाही म्हटलं, आणि पुढची सहा-सात वर्षं आम्ही दोघं टीव्हीवर एकमेकांना विचारत होतो, "तुम्ही अहवाल वाचला तरी होता का?" आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं!

युद्ध झालं, शस्त्रं काही सापडली नाहीत. सहा वर्षांपूर्वी निवडणूक आली आणि ओरडा सुरू झाला, कुणी वाचलं होतं, कुणाला फसवलं, कुणी फसवून घेतलं. सगळ्यांना ती हिरवी वही हवी होती. मिस प्रुइट यांचं एकच उत्तर: "समितीने ठराव केला तर दाखवीन." समितीत दोन्ही पक्ष होते. ठराव कोण करणार?

मग दोन्ही वाहिन्यांच्या गाड्या मेरिलंडला त्यांच्या घरासमोर उभ्या राहिल्या. एका वार्ताहराने विचारलं, "विरोधकांनी अहवाल वाचला नव्हता ना?" दुसऱ्याने त्याच दमात विचारलं, "सरकार पक्षाने वाचला नव्हता ना?" आणि मिस प्रुइट हसल्या. बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या हसल्या.

तेवढ्यावर चार दिवस कार्यक्रम चालले. एका वाहिनीने त्यांचा चेहरा मोठा करून ओठांच्या डाव्या कोपऱ्याभोवती लाल वर्तुळ काढलं. दुसरीने उजव्या कोपऱ्याला पिवळा बाण दाखवला. एका निवृत्त जनरलने अर्धा तास समजावून सांगितलं की हे हसू पूर्वनियोजित होतं. मी स्वतः गेलो होतो. टेबलावर मूठ आपटून म्हणालो होतो, "या बाईंचं हसू सगळं सांगून जातं." ॲम्ब्रोसही दुसऱ्या वाहिनीवर त्याच वेळी तेच वाक्य बोलत होते. त्यांच्या मुठीखाली काचेचं टेबल होतं, म्हणून त्यांचा आवाज जास्त आला.

त्या का हसल्या, हे त्यांना विचारावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. मागच्या आठवड्यात मी विचारलं. म्हणाल्या, "शेजाऱ्यांचा कुत्रा त्या वार्ताहराच्या पायाशी ठेवलेला डबा उघडून हॅम खात होता. तो बिचारा मला राष्ट्राच्या सुरक्षेबद्दल विचारत होता. हसू नको तर काय करू?"

मागे उभ्या असलेल्या बंधुभगिनींनो, ते पिवळे बाण, ती लाल वर्तुळं तुम्हाला ओळखीची वाटली का? त्याच्या दोन वर्षं आधी, युद्ध सुरू होण्यापूर्वी, उपग्रहाने काढलेल्या इराकच्या फोटोंवर अशीच वर्तुळं आपण सर्वांनी मिळून पाहिली होती. कुठल्या तरी गोदामावर बाण दाखवला, की आम्ही माना डोलवायचो.

आता थोडं कठीण सांगायचं आहे. पाणी पितो.

त्या निवडणुकीच्या आधी दीड महिना मी खाली गेलो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मिस प्रुइट यांना म्हणालो, "वही उद्या बाहेर आली तर मी संपलो." त्या म्हणाल्या, "खरं आहे." मी म्हणालो, "आपल्या इंग्रजी आकड्यांत 1 ला दोन रेघा जोडल्या की 4 होतो. एक एकवीसचे चार एकवीस. अकरा मिनिटांचे तीन तास. कुणाचं काय बिघडतं?"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली, ते पान काढलं आणि स्वतःचं पेन माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "नोंद तुमच्या हातची आहे, सेनेटर, तुम्ही जोडा रेघा. पण शेजारी माझी सही आहे, ती मी खोडीन. आणि का खोडली ते खाली लिहीन."

मी पेन उचललं, टोक त्या आकड्यापाशी नेलं. मग मी पेन खाली ठेवलं. दाराशी पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सेनेटर, त्या दिवशी तुम्ही खुर्ची गरम व्हायच्या आत उठलात. सँडविच इथेच विसरला होतात."

मी निवडून आलो. त्यांनी आजपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही. माझ्या पक्षाने त्यांना समोरच्या पक्षाच्या हस्तक म्हटलं, समोरच्या पक्षाने आमच्या. एकदा तर मी स्वतः म्हटलं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला "गुड मॉर्निंग, सेनेटर" म्हटलंच.

म्हणून काल मी काय केलं, ते सांगतो. काल मी पुन्हा खाली गेलो. खिसे रिकामे. वहीत लिहिलं: आत, एक वाजून दहा मिनिटं. तोच अहवाल मागितला आणि ब्याण्णव पानं वाचली. चौऱ्याऐंशीव्या पानावर एक चौकट आहे. त्यात एका खात्याच्या तज्ज्ञांनी साध्या भाषेत लिहिलं आहे की हा पुरावा आम्हाला पटत नाही. बाण नाही, वर्तुळ नाही. आठ वर्षं ती चौकट माझी वाट बघत बसली होती.

बाहेर येऊन मी विचारलं, "मिस प्रुइट, तुम्ही हे वाचलं होतं?"

"मला वाचायला कुणी सांगितलं नव्हतं, सेनेटर. तुम्हाला सांगितलं होतं."

घड्याळात चार वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. मी पेन उचललं आणि लाडीगोडी लावत म्हणालो, "चार एकवीस लिहू का? दोनच मिनिटांचा फरक आहे." त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. "दोन मिनिटं बसा. मग लिहा."

मी बसलो. नेब्रास्कातली जी मुलं त्या युद्धातून परत आली नाहीत, त्यांतल्या सतरा जणांच्या घरी मी स्वतः गेलो होतो. त्या दोन मिनिटांत मी त्यांची नावं मनात म्हणत होतो. सतरा नावांना दोन मिनिटं पुरली नाहीत. मी चार बावीस लिहिलं. मिस प्रुइट यांनी शेजारी सही केली.

तर वार्ताहर मित्रांनो, वही आता तुम्हाला मागायला नको. येत्या नोव्हेंबरात माझी पुन्हा निवडणूक आहे, आणि माझे प्रचारप्रमुख तिसऱ्या रांगेत डोकं धरून बसले आहेत. मला मात्र शाळा सुटल्यासारखं वाटतं आहे. दोन्ही वाहिन्यांना एकच विनंती, आज मी हसतो आहे त्याचा अर्थ लावू नका. मला विचारा.

अध्यक्षांनी बोलू दिलं, ॲम्ब्रोसने मध्ये एकदाच तोंड उघडलं, श्रोत्यांनी त्या पीच पायकडे बघत का होईना पण ऐकून घेतलं, याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पाच मिनिटांची किती झाली ते मी सांगत नाही, कारण मी उभा राहिलो तेव्हाच मिस प्रुइट यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आहे. मिस प्रुइट, तुम्ही सांगाल ती वेळ मला मान्य आहे.