हजेरीतला बावीस नंबर

१९८४ सालच्या जानेवारीत, एका रविवारी, मुलुंडच्या रेशन दुकानापुढे रॉकेलच्या रांगेत माझ्यापुढे दोन शिक्षिका उभ्या होत्या. धाकटी थोरलीला जयंतीताई म्हणत होती.

“उद्या मुख्याध्यापकांना लिहूनच देते, ताई. नीलिमाला आपल्या शाळेत ठेवण्यात अर्थ नाही.”

“पाढे येतात ना तिला?”

“तिसापर्यंत. पण कुणाकडे बघून बोलत नाही, घंटा झाली की कान झाकते. आणि आता तर हजेरीलाही गप्प.”

“आता म्हणजे? आधी बोलायची?”

“दिवाळीपर्यंत खणखणीत ‘हजर’ म्हणायची. आता नुसती बसून राहते. उर्मट झालीय.”

“दिवाळीनंतर वर्गात काय बदललं गं?”

“काही नाही. बावीस नंबरची मुलगी कुर्ल्याला राहायला गेली. तिचं नाव लाल शाईनं खोडलं, एवढंच.”

“नीलिमाचा नंबर?”

“तेवीस.”

“म्हणजे एकवीस झाला की तू थेट तेवीस पुकारतेस?”

“मग काय, गेलेल्या मुलीला हाक मारू?”

“मार की. ती बावीसची वाट बघत बसते, त्याशिवाय तिचा तेवीस येतच नाही. उद्या बावीस म्हण, जरा थांब, मग तेवीस म्हण.”

“सगळा वर्ग हसेल, ताई!”

“हसू दे. तू लिहून दिलंस, तर ती पोर कायमची घरी बसेल.”

“पण सरांनी कागद मागितलाय. त्यांना काय सांगू?”

“सांग, हजेरीत चूक सापडली. कुणाची, ते विचारणार नाहीत. चल, डबा पुढे सरकव.”