नऊ आणि मी

दाताच्या दवाखान्यात बाकावर दप्तर आपटून ती आजोबांवर कडाडली, तशी समोरच्या बाईने हातातलं मासिक खाली केलं.

“गेल्या शनिवारी सिनेगॉगमध्ये भाषण ठोकलंत, ‘बारा वर्षं पूर्ण झाली, धर्माच्या नियमाने आजपासून आमची नात मोठी!’”

“मोठीच आहेस.”

“मग आज शिंपीणकाकूंच्या वारलेल्या नवऱ्यासाठी प्रार्थनेला नियमाप्रमाणे दहा मोठी माणसं हवी होती, जमली नऊ. मी समोर उभी! मला का नाही मोजलं?”

“पुरुषच मोजतात, बाळा.”

“काकू प्रार्थनेविना रडत घरी गेल्या. त्यांची औषधं आणायला मात्र मी मोठी!”

“हळू बोल.”

“नाही बोलणार हळू! उद्या आपल्यातल्या नऊ मोठ्या मुली काकूंकडे प्रार्थनेला नेते. मी धरून दहा!”

“आठच ने.”

“का?”

“दहावा मी.”