शेंगाचटणी आणि कडकभाकरी

इंटरनेटवर नाव लपवता येतं म्हणता, तर माझंच ऐका. आमच्या शाळेत मुलींच्या संडासाला दार नव्हतं आणि संस्थेचे अध्यक्ष ढिम्म. मी पडलो शाळेचा क्लार्क, उघड बोललो असतो तर नोकरीच गेली असती. म्हणून पुतणीकडून सगळं शिकून घेतलं. नवा ईमेल काढला, फोटो लावला नाही, नाव घेतलं 'शेंगाचटणी' आणि सोलापूरच्या एका ग्रुपवर तक्रार टाकली.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी केबिनमध्ये बोलावलं. मोबाइल पुढं धरून म्हणाले, "हे तुम्हीच लिहिलंय की."

"मी न्हाय, सर."

"मग शेवटी 'माहितीस्तव सविनय सादर' कुणी लिहिलं? शेंगाचटणीनं?"

मी मान खाली घालून मोबाइलकडं बघितलं. तेवढ्यात खालची पहिली कमेंट दिसली. कुणा 'कडकभाकरी'नं लिहिलं होतं, 'पाहिले. मान्य.' वीस वर्षं माझ्या प्रत्येक कागदावर सरांचा हाच शेरा येतोय! जीव असा भांड्यात पडला म्हणता.

"सर, ही कडकभाकरी म्हणजे...?"

सरांनी इकडंतिकडं बघितलं. "आधी ते दार लावून घ्या."