चाळून पाठवलेली माती

मंडळी, ऐका! वैद्य नाडी बघायला आला आणि आजारी माणसानं शेजारच्या पैलवानाचा हात पुढं केला, तर औषध कुणाला लागू पडायचं? हसू नका! आपल्यातच आहेत असे. हिंगणवाडीची धुरपदाबाई ऐका, म्हणजे कळेल.

नवरा ट्रकवर, शेत सगळं धुरपदाबाईच्या अंगावर. सासरे नागोराव — माणूस बरा, पण जीभ? अरारा! ते म्हणाले, "सूनबाई, खालच्या तुकड्यात दोन वर्षं काही पिकेना. यंदाचा हरभरा गेला, तर तुकडा बटईनं देतो." म्हणजे दुसऱ्यानं कसायचं अन् हिनं बांधावरून बघायचं! 

तेवढ्यात कृषी खात्याच्या रेवतीताई गावात आल्या. "बायांनो, रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्या, एकत्र कालवा, अर्धा किलो पिशवीत भरा. तपासून सांगू, तिला काय कमी आहे. अन् पिशवीवर नाव तुमचं लिहा, मालकाचं नको!"

इथंच घोळ झाला बघा! जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावानं काहीतरी तालुक्याला जाणार. धुरपदाबाईनं रानातलं ढेकूळ उचललं — पांढुरकं, टणक! 'अगं बाई! ही माती माझ्या नावानं? साहेब लोक काय म्हणतील?' मग काय केलं? पोरगी दाखवायच्या दिवशी पावडर लावतात ना, तसं! उकिरड्याशेजारची काळी भुसभुशीत माती घेतली, चाळली — पिठाच्या चाळणीनं, मंडळी! — अन् दिली पाठवून.

माती तपासणीचं कार्ड आलं. माती उत्तम! काही कमी नाही! बाईनं ते देवघरात ठेवलं अन् रानात काहीच घातलं नाही. पण हरभरा थोडाच कार्ड वाचतो? महिन्याभरात पिवळा पडला. नागोराव गरजले, "माती उत्तम, मग खोट कुणात? तुझ्या हातात! पाडव्याला तुकडा बटईनं!"

आली का पंचाईत? खरं बोलावं तर अब्रू जाते, गप बसावं तर रान जातं! रेवतीताई पीक बघायला आल्या, सासरे शेजारीच उभे. बाईनं डोळ्याला पदर लावला. "ताई, ती माती ह्या रानातली नव्हतीच. लाज वाटली मला."

"लाज कसली? उपाशी आहे ती माती. उपाशी माणसाला नावं ठेवतो का आपण?"

नागोराव खाली बघायला लागले. का? अहो, वीस वर्षं धसकटं पेटवून देणारे, शेणखत विकून टाकणारे तेच! मुकाट्यानं कुदळ घेऊन आले. "सूनबाई, तू जागा दाखव, मी खणतो." अन् तिनं सगळ्यात उजाड जागा आधी दाखवली.

ह्या मातीचं कार्ड वाईट आलं, पण खरं आलं! शेणखत पडलं, खत व्हावं म्हणून ताग पेरून कोवळाच गाडला, धसकटांना काडी लावली नाही. पुढच्या साली हरभऱ्याला घाटे लगडले! अर्धा तुकडा अजून रुसलेलाच आहे, खोटं कशाला सांगू? पण बटईचं नाव कुणी काढत नाही. धुरपदाबाई खुशीत आहे.

आता इकडं बघा. देवापुढं बसून आपण काय दाखवतो? उपास, दान, जप — सगळं चाळलेलं! सुनेला टाकून बोललो, ते? भावाशी अबोला धरला, ते? मग देवही म्हणतो, "छान! तुला काही द्यायला नको," अन् पुढच्या घरी जातो.

का हो, गप झालात? बरं, आधी मी सांगतो. सकाळी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी ताटावरून उठलो. ती बघा माझी बायको, खांबाला टेकून बसलीय. चुकलो गं! अहो, तिच्याकडं काय बघता? आपापल्या घरात बघा — अन् मग टाळ उचला!